बंपर गाडीचा, डोळे आपल्या पोरांचे

पहाटेचे तीन वाजले असतील. दाराची कडी वाजली. "ताई, जयभीम. जरा उठा हो. पोराला दिसेना झालंय!"

दारात मागच्या गल्लीतली एक आई उभी होती. तिच्या खांद्याला धरून तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा. डोळ्यांवर ओला टॉवेल, नाकातोंडातून पाणी. दिवा लावला तर तो ओरडला. डोळे उघडताच येत नव्हते. "डोळ्यांत कुणी गरम वाळू ओतल्यासारखं होतंय," एवढंच तो सांगत होता. घरी बटाट्याच्या चकत्या ठेवून झाल्या होत्या, गुलाबपाणी घालून झालं होतं. शेजारणीने बाळंतिणीचं दूध घालायला सांगितलं, तेव्हा आई घाबरून आमच्याकडे आली.

आम्ही एकच विचारलं, "काल दुकानात काय काम केलंस?"

"बंपर केला, ताई. जीपचा. गिऱ्हाइकाला रविवारी डोंगरात गाडी न्यायची होती. रात्री नऊपर्यंत बसून टाके मारले."

"काच धरली होती?"

"वेल्डिंगला धरली. टाक्याला कोण काच धरतं?"

दुखण्याचं कारण त्या एका वाक्यात होतं. वस्तीतल्या कितीतरी घरांतली पोरं फॅब्रिकेशनच्या दुकानांत कामाला जातात. ग्रिल, गेट, जिने, शेड हे जुनं काम. आता जीप, थार, बोलेरोसारख्या गाड्यांचे जाड लोखंडी बंपर हे नवं काम आलं आहे. त्यात पैसा बरा मिळतो, म्हणून पोरं हौसेने करतात. हा बंपर कसा घडतो आणि घडताना घडवणाऱ्याच्या अंगाला कुठे कुठे लागतं, ते या वेळी पाहू. गेट-ग्रिलचं काम करणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू आहे.

बंपर असतो कसा?

कंपनीच्या गाडीचा पुढचा बंपर वरून प्लास्टिकचा असतो आणि त्याच्या आत एक आडवा बीम असतो. धडक बसली की हे भाग चेपावेत आणि धक्का आतल्या माणसापर्यंत कमी पोचावा, अशी ती रचना असते. खडकाळ, चिखलाच्या वाटेवर गाडी घालणाऱ्यांना मात्र हे नको असतं. दगडावर चढताना प्लास्टिक तुटतं. म्हणून ते ३-४ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा बंपर करून घेतात. पुढचं चाक आधी दगडाला लागावं म्हणून त्याच्या दोन्ही बाजू वर कापलेल्या असतात. चिखलात अडकलेली गाडी ओढण्यासाठी दोन मजबूत हूक आणि विंच बसवायला जागा ठेवतात. हे सगळं जाड ब्रॅकेटने थेट चासीला बोल्ट केलेलं असतं.

दुकानात आधी पुठ्ठ्याचा साचा कापतात आणि तो गाडीच्या तोंडाला लावून पाहतात. मग तो पत्र्यावर ठेवून खूण करतात, पत्रा कापतात, वाकवतात, टाके मारून आकार उभा करतात. पुन्हा गाडीला लावून पाहतात. सगळं जुळलं की पूर्ण वेल्डिंग, मग घासणं, रंग आणि शेवटी बसवणं. पुठ्ठ्याचं काम सोडलं, तर प्रत्येक पायरीवर अंगाला धोका आहे.

कापणं आणि घासणं : ग्राइंडर

चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेते. ती फुटली तर तिचा तुकडा कुठे जाईल, हे सांगता येत नाही. म्हणून मशीनला कंपनीने गार्ड दिलेला असतो. बऱ्याच दुकानांत तो पहिल्याच दिवशी काढून ठेवतात, कारण गार्ड असला की मोठी चकती बसत नाही. चार इंची मशीनला पाच इंची चकती लावणं म्हणजे अपघाताला बोलावणं. चकतीवर फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. तो मशीनच्या आकड्यापेक्षा कमी असता कामा नये. कापायची पातळ चकती आडवी धरून घासायला वापरू नये, ती तडकते. मफलर, ओढणी, गळ्यातला दोरा, ढगळ बाह्या मशीनजवळ नकोत.

पण आमच्याकडे जास्त येतो तो डोळ्यातला कण. घासताना लोखंडाचा तापलेला बारीक कण उडतो आणि बुबुळावर चिकटतो. पोरं काय करतात? सोबत्याला सांगतात, "बघ रे, काढ." तो रुमालाचं टोक किंवा माचिसची काडी घेतो. आम्ही वॉर्डात होतो तेव्हा सुईने कण काढायला गेलेले आणि बुबुळावर जखम करून आलेले रुग्ण पाहिले आहेत. कण राहिला तर काही तासांतच त्याभोवती गंज धरू लागतो आणि बुबुळावर तांबूस कडं तयार होतं. ते डॉक्टरांनाच काढावं लागतं. जखम बुबुळाच्या मध्यावर असेल, तर भरल्यावरही पांढरा डाग राहतो आणि नजर कायमची अधू होते.

म्हणून कण गेला की स्वच्छ पाण्याने डोळा धुवा. धुऊन निघाला नाही तर डोळा न चोळता थेट नेत्रविभागात जा. हातोडा-छिन्नीचं काम करताना काही उडून डोळ्याला लागलं असेल, तर दुखत नसलं तरी जा. बारीक धारदार तुकडा बुबुळ भेदून आत जातो आणि कधी कधी फारसं दुखतही नाही. अशा वेळी डोळा धुऊ नका, दाबू नका. कागदी कप किंवा प्लास्टिकची वाटी वरून अलगद झाका आणि निघा. डॉक्टरांना "लोखंडाचं काम करत होतो" हे आवर्जून सांगा. डोळ्यात लोखंड असताना एमआरआय केला, तर चुंबकामुळे तो तुकडा आतल्या आत हलू शकतो.

साधा चष्मा यावर पुरत नाही. बाजूने बंद असलेला गॉगल पाहिजे. ग्राइंडरचा आवाजही वाईट. रोज तासन्‌तास तो ऐकणाऱ्याला चाळिशीतच टीव्ही मोठ्याने लावावा लागतो. कानात घालायचे प्लग फार महाग नसतात.

टाके : सगळ्यात फसवं काम

आता त्या पोराच्या डोळ्यांकडे येऊ. टाका म्हणजे दोन पत्रे जागेवर धरायला मारलेला वेल्डिंगचा ठिपका. एका सेकंदाचं काम. एका हाताने पत्रा धरायचा, दुसऱ्या हातात होल्डर. मग काच कोणत्या हाताने धरणार? पोरं डोळे मिटतात, मान वळवतात आणि टाका मारतात. एका बंपरला असे कितीतरी टाके लागतात.

वेल्डिंगच्या ठिणगीतून जो उजेड निघतो, त्यात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. उन्हाने कातडी भाजते, तसं ते बुबुळावरचं पारदर्शक आवरण भाजतात. गंमत अशी, की त्या वेळी काहीच कळत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे माणूस घरी येऊन जेवून झोपला, की मध्यरात्री आग सुरू होते. यालाच आपल्याकडे "वेल्डिंग लागली" म्हणतात. पत्रा धरून शेजारी उभ्या असलेल्या हेल्परला आणि गंमत बघत थांबलेल्या शाळकरी पोरालाही ती लागते.

अशा वेळी काय करावं? अंधाऱ्या खोलीत पडावं. मिटलेल्या डोळ्यांवर स्वच्छ गार पाण्याची घडी ठेवावी. डोळे चोळू नयेत. ठणक्यासाठी पॅरासिटामॉल चालतं. सकाळी नेत्रविभागात दाखवावं. बहुतेकांचे डोळे एक-दोन दिवसांत बरे होतात. एकाच डोळ्यात जास्त टोचत असेल, दोन दिवसांनीही उतार नसेल किंवा अंधूक दिसत असेल, तर आत कण असू शकतो. पुन्हा दाखवा.

बटाटा, दूध, मध, गुलाबपाणी यातलं काहीही डोळ्यात घालू नका. भाजलेल्या बुबुळावर जंतू जायला तेवढंच निमित्त पुरतं. त्याहून धोक्याचे म्हणजे मेडिकलमधून मनाने आणलेले थेंब. बधिर करणारे थेंब घातले की पाच मिनिटांत बरं वाटतं, म्हणून ते परत परत घातले जातात आणि बुबुळ भरूनच येत नाही. स्टेरॉइडच्या थेंबांनी जंतुसंसर्ग बळावू शकतो. जुनी अर्धी बाटली घरात असेल तर फेकून द्या.

आणि मुळात टाळायचं कसं? डोक्यावर बसणारं हेल्मेट घ्यायचं. त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. टाक्याआधी मान झटकली की ते खाली येतं. ३ मिलिमीटरच्या रॉडला साधारण १०० ते १३० अँपिअर करंट लागतो. त्याला १० किंवा ११ नंबरची काळी काच पाहिजे. उन्हाचा काळा गॉगल या कामाचा नाही. तडा गेलेली काच लगेच बदलावी. ती दोन जणांच्या चहा-नाश्त्याच्या पैशात मिळते. हेल्परलाही काच हवी, आणि रस्त्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा हवा.

वेल्डिंग : धूर

काही दुकानांत बंपरच्या वरचा गोल आडवा पाइप जी.आय.चा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला वापरतात. पाण्याच्या लाइनचा उरलेला तुकडा असतो, फुकटात पडतो. त्यावर वेल्डिंग केलं की पांढरा दाट धूर निघतो. तो धूर छातीत गेला की चार ते दहा तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं, खोकला लागतो, तोंडाला धातूची चव येते, घसा सुकतो. घरचे समजतात मलेरिया. एक-दोन दिवसांत ताप आपोआप उतरतो आणि गोळीचा गुण आला असं वाटतं. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी हा ताप जास्त चढतो, कारण रोजच्या धुराची अंगाला लागलेली सवय सुट्टीत मोडते. डॉक्टरकडे गेलात तर "काल जी.आय. पाइप जाळला" हे सांगा. आणि दम लागत असेल तर ताप उतरायची वाट बघू नका, दवाखाना गाठा.

मुलामा नसलेल्या काळ्या लोखंडाचा धूरही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखूचा धूर त्याच गटात आहे. याचा अर्थ प्रत्येक वेल्डरला कॅन्सर होईल असा नाही. पण वर्षानुवर्षं रोज छातीत जाणाऱ्या धुराला हसण्यावारी नेता येणार नाही. त्यात बिडीची भर पडली तर फुप्फुसाला दोन्हीकडून मार बसतो.

"आम्ही गूळ खातो ना ताई, गुळाने धूर निघून जातो." हे आम्ही प्रत्येक दुकानात ऐकतो. गूळ जातो पोटात आणि धूर जातो छातीत. दोघांची गाठ पडत नाही. दुधाचंही तेच. गूळ-दूध खुशाल घ्या, अंगाला चांगलं आहे. पण ते मास्कच्या जागी घेऊ नका.

खरे उपाय साधे आहेत. जी.आय. पाइप घेऊच नका. घ्यावाच लागला तर जोडाच्या दोन्ही बाजूंचा मुलामा आधी घासून काढा, आणि घासताना मास्क लावा. वेल्डिंग उघड्यावर किंवा दार-खिडक्या उघड्या ठेवून करा. पंखा बाजूने ठेवा, म्हणजे धूर तोंडावरून जाणार नाही. मान धुराच्या वर वाकवू नका. तोंडाला रुमाल बांधल्याने हा धूर अडत नाही, तो फार बारीक असतो. हेल्मेटच्या आत बसणारा एन-९५ मास्क निदान लावा. रंग किंवा थिनर लागलेला पत्रा तसाच जाळू नका. पेट्रोल, डिझेल, केमिकलचा रिकामा ड्रम तर कधीच कापू नका. आतल्या वाफेने तो बॉम्बसारखा फुटतो.

आणखी एक. वेल्डरचा खोकला नेहमी धुराच्या नावावर खपतो. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला, वजन घटलं, संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला, तर थुंकी तपासा. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. "धुराचा खोकला आहे" म्हणत थांबलेला माणूस घरातल्या लेकराबाळांनाही धोक्यात टाकतो.

करंट, वजन, चटके

पावसाळ्यात ओल्या फरशीवर, घामेजलेल्या हाताने होल्डर धरणं जिवावर बेतू शकतं. होल्डर फुटलेला नको, केबलला जागोजागी चिकटपट्टी नको. पायाखाली कोरडी फळी किंवा रबरी मॅट आणि पायात बूट हवेत. चप्पल घालून वेल्डिंग करायचं नाही. दुकानात अर्थिंग हवं आणि शॉक बसताच लाइन पाडणारा ब्रेकर हवा. कुणाला शॉक लागला तर आधी मेन स्विच बंद करा, मग हात लावा. लगेच १०८ ला फोन करा.

४ मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर पत्र्याचं वजन ३१ किलोंच्या वर भरतं. ब्रॅकेट, हूक, पाइप धरून आख्खा बंपर एकट्याने उचलण्याजोगा राहत नाही. तरी पोरं पैजेवर उचलतात. विशीत चमकलेली कंबर पुढे आयुष्यभर त्रास देते. दोघांनी उचला, बसवताना खाली जॅक लावा. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका, खाली पक्के स्टँड द्या.

अंगात सुती कपडे घाला. टेरिकॉट, नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. भाजलं तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, शाई लावू नका. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, ते आठवत नसेल तर दवाखान्यात विचारा.

बंपर रस्त्यावर आल्यावर

हा बंपर लावलेली गाडी डोंगरातून परत आपल्याच रस्त्यावर येते. मऊ बंपर धडकेत चेपतो. हा चेपत नाही, समोरच्याला चेपतो. मोठ्या माणसाच्या मांडीला आणि कमरेला जिथे तो लागतो, त्याच उंचीवर लहान लेकराची छाती आणि डोकं असतं. आपली मुलं कुठे खेळतात आणि आपली माणसं रस्ता कशी ओलांडतात, हे आपल्याला ठाऊक आहे. गाडीतल्यांचंही भलं होतं असं नाही. धक्का कमी करणारे भाग काढून चासीला लोखंड बांधलं, की मार थेट आत पोचतो. एअरबॅग उघडण्याची वेळही चुकू शकते.

म्हणूनच केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र लिहून, गाड्यांना बाहेरून लावलेल्या क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत असे बदल करायला मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी गाडीमालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. दुकानात काम करणाऱ्यांनी हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला असा बंपर लावू नये, हेच आमचं म्हणणं आहे.

खर्च कोणी करायचा?

तो पोरगा तिसऱ्या दिवशी बरा झाला. चौथ्या दिवशी त्याची आई आणि आम्ही दुकानात गेलो. मालक काही वाईट माणूस नव्हता. खुर्च्या दिल्या, चहा मागवला. म्हणाला, "मीपण असाच शिकलो, ताई. लागते वेल्डिंग दोन-चारदा, मग सवय होते." बोलताना तो मान थोडी वळवून बघत होता. उजव्या बुबुळावर पांढरा डाग होता. जुना कण.

आम्ही त्याला एवढंच म्हटलं, "सवय झाली असती, तर तुम्ही मान वळवून बघितलं नसतं."

मग हिशोब मांडला. बंपरच्या बिलात पत्रा असतो, रॉड असतो, चकती असते, रंग असतो, मजुरी असते. काच, गॉगल, मास्क, बूट मात्र कुठेच नसतात. ते पोराने स्वतःच्या रोजातून आणायचे, म्हणून तो आणत नाही. गिऱ्हाइकाला रविवारी डोंगर चढायचा आहे ना? मग त्याच्या बिलात घडवणाऱ्याच्या डोळ्यांची काच धरा. मालकाने दोन हेल्मेट आणि गॉगल आणले. ग्राइंडरचे गार्ड कुठे टाकलेत, ते अजून सापडलेले नाहीत. आम्ही परत जाणार आहोत.

आपण घरच्यांनी काय करायचं? अठरा वर्षांच्या आतल्या पोराला वेल्डिंगला लावू नका. बँकेत खातं असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेचा अर्ज भरून टाका. वय १८ ते ७० आणि वर्षाला २० रुपये. अपघातात एका डोळ्याची नजर कायमची गेली तर १ लाख, मृत्यू झाला किंवा दोन्ही डोळे गेले तर २ लाख रुपये मिळतात. हप्ता कापला गेला की नाही, ते पासबुकात बघा.

आणि मायबहिणींनो, सकाळी डबा भरून देताना "जेवून घे वेळेवर" असं आपण म्हणतोच. त्याच्यापुढे आणखी एक विचारत जा, "टाके मारताना काच घालतोस का?" पोरगा चिडेल, हसेल. तरी रोज विचारा.